काय करत नाय तो

मी शिकवायचे त्या बालवाडीकडे जायला दोन रस्ते होते. एक मानपाडा रोडवरून, ट्रकची धूळ खात, वळसा घालून. दुसरा मैदानातून. मैदान म्हणजे एका बाजूला बंगले, दुसऱ्या बाजूला आमच्या तीन मजली इमारती आणि मधे उरलेली मोकळी जागा. मुलांना खेळायला म्हणून ती ठेवली होती म्हणे. सत्याऐंशी साली तिथे कुत्री खेळत होती.

सकाळी बंगलेवाले आपापली कुत्री घेऊन यायचे, मैदानाच्या तोंडाशी साखळ्या काढायचे, त्या स्वतःच्या गळ्यात अडकवायचे आणि चहाच्या टपरीवर गप्पा छाटत उभे राहायचे. मला ते बघून दरवेळी वाटायचं, साखळी अगदी योग्य गळ्यात आहे, फक्त दुसरं टोक कोणीतरी धरायला हवं. हे मी एकदा आनंदला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, बोलून दाखवलं. तो म्हणाला, "हळू बोल, खिडकी उघडी आहे."

त्याचं ते "हळू बोल" गोपीनाथ शेटांसाठी होतं. आमची इमारत उभी होती ती जमीन एकेकाळी त्यांच्या वडिलांची भातशेती. जमीन गेली, बंगला आला, पण विहीर त्यांनी ठेवली आणि उन्हाळ्यात आमचा नळ कोरडा पडला की त्याच विहिरीवरून आमच्या टाकीत पाणी सोडायचे. एक पैसा घेत नसत. माणूस दिलदार होता, यात वाद नाही. पण फुकटच्या पाण्याने आमच्या अख्ख्या बिल्डिंगच्या तोंडाला कुलूप बसलं होतं.

त्यांच्या कुत्र्याचं नाव टायगर. काळा-तपकिरी अल्सेशियन, कमरेएवढा उंच. बाकीची कुत्री भुंकायची, धावायची, म्हणजे निदान आपण येतोय हे सांगायची. टायगर भुंकत नसे. मान खाली घालून, आवाज न करता, सरळ रेषेत यायचा. भाजीवालीची पाटी त्याने पाडली होती, एका म्हाताऱ्यांचं धोतर फाडलं होतं. प्रत्येक वेळी गोपीनाथ शेट टपरीवरूनच हात वर करून एकच वाक्य म्हणायचे, "काय करत नाय तो."

मला सहावा महिना होता. याआधी दोनदा माझं पोट रिकामं झालं होतं, तिसऱ्या नाहीतर चौथ्या महिन्यात. यावेळी पाचवा उलटला तसं घरात सगळे जरा श्वास सोडायला लागले. मी मात्र नाही. मी रोज सकाळी उठून आधी पोटावर हात ठेवायचे आणि आत काही हललं की मगच स्टोव्ह पेटवायचे. वळशाचा रस्ता खड्ड्यांचा, त्या खड्ड्यांत पाय मुरगळला तर काय, म्हणून मी मैदानातून जायचे. म्हणजे बघा, काळजी घेण्यासाठीच मी तिकडून जात होते.

त्या दिवशी मी मधोमध पोचले होते. बाजूला काही हललं म्हणून मान वळवली, तर टायगर अगदी जवळ होता आणि माझ्याचकडे येत होता. पळायची ताकद नव्हती. मी खांद्यावरची पर्स काढून पोटापुढे धरली. पायांचा विचार मनात आलाच नाही. त्याने पाय धरला.

टपरीवरून गोपीनाथ शेट ओरडले, "पळू नका वैनी, उभ्या राहा नुसत्या. काय करत नाय तो." तेव्हा त्याचे दात माझ्या पोटरीत होते.

कोणीतरी वीट भिरकावली, त्याने सोडलं. मी लंगडत बालवाडीच्या ओट्यावर जाऊन बसले. मुलांना खाऊ वाटणारी आमची हौसाबाई धावत आली आणि मला काही कळायच्या आत तिने जखमेत लाल तिखट दाबलं. कुत्रा चावला की तिखट, हे तिच्या आजीपासून चालत आलेलं. दात लागले तेव्हा माझ्या तोंडातून आवाज फुटला नव्हता, तिखटाने मात्र मी अशी किंचाळले की सगळी बालवाडी रडायला लागली.

आमच्या डॉक्टरांनी ते तिखट साबणाच्या पाण्याने धुऊन काढलं, हौसाबाईच्या आजीचा उद्धार केला आणि मग खुर्ची ओढून माझ्यासमोर बसले. डॉक्टर खुर्ची ओढून बसले की माझे हात गार पडतात. दोनदा ते असेच बसले होते.

"पिसाळलेला कुत्रा चावला तर चौदा सुया. पोटात," ते म्हणाले. "त्या सुयांचा क्वचित त्रास होतो, आणि तुमची ही अवस्था. कुत्रा पाळलेला आहे, जखम पायाला आहे, फार खोल नाही. तर आपण दहा दिवस थांबू. त्या कुत्र्यावर रोज नजर ठेवा. दहा दिवसांनी तो धडधाकट असेल तर तुम्हाला काही झालेलं नाही. तो सुस्त झाला, लाळ गाळायला लागला, पाण्याला भ्यायला लागला किंवा मेला, तर त्याच दिवशी कल्याणच्या सरकारी दवाखान्यात जायचं. त्याच दिवशी. हा रोग एकदा अंगात उठला की औषध नाही."

संध्याकाळी आनंद गोपीनाथ शेटांकडे गेला. भांडायला नाही, विनंती करायला. "त्याला टोचून घेतलंय का?" असं त्याने विचारलं तर शेट हसले. "वाघाला कोन सुई टोचतं, सर? उगाच घाबरताय. वैनींना सांगा, रोज येऊन बघा, टायगर फिट हाय." वर एक डझन हापूस दिले. आनंद ते घेऊन आला. मी आंबे मोलकरणीला देऊन टाकले आणि आनंदशी रात्रभर बोलले नाही.

आणि मग सुरू झालं ते बघणं. ज्या कुत्र्याने मला फाडलं त्याला बघायला मी रोज सकाळी त्याच मैदानात जायची. बालवाडीतून रजा घेतली होती, पण घरात बसून चालणार नव्हतं, कारण आनंद सातच्या आत ऑफिसला निघायचा आणि दुसऱ्याच्या डोळ्यांवर माझा भरवसा नव्हता. मी टपरीच्या मागच्या कट्ट्याला टेकून उभी राहायची. टायगर मोकळाच असायचा. "दहा दिवस तरी बांधा हो," मी शेटांना म्हणाले. ते म्हणाले, "बांधला की चिडतो. मोकळा असला की शांत असतो." माझ्या पोटरीला बँडेज होतं आणि हे मला शांतपणाचं सांगत होते.

टपरीवाला कुत्र्यांसाठी एका फुटक्या परातीत पाणी ठेवायचा. माझा सगळा जीव त्या परातीत. टायगर येऊन पाणी प्यायला की मी घरी जायची, दोन घास खायची. तो माझ्याकडे वळला की माझ्या तोंडाला कोरड पडायची, मानेवर घाम यायचा, पोटात बाळ आखडून बसायचं. तरीही मनात मी त्याला म्हणत असायची, जग बाबा. पी पाणी. धाव, भाजीवालीची पाटी पाड, पण जग. आयुष्यात कोणासाठी इतकी प्रार्थना केली नसेल.

आठवडा होत आला असेल. त्या सकाळी टायगर मैदानात आला आणि धावला नाही. भिंतीच्या सावलीत जाऊन पडला. बाकीची कुत्री त्याच्या जवळ गेली नाहीत. मी परातीकडे बघत बसले. तो उठला, परातीपर्यंत आला, पाण्यावर तोंड नेलं आणि मागे झाला. त्याच्या जबड्यावरून लाळेची तार लोंबत होती.

मी शेटांना हाक मारली.

"ऊन लागलंय त्याला," शेट म्हणाले. "मार्च चालू हाय ना." पण त्यांनी गळ्यातली साखळी काढली आणि मी पहिल्यांदाच त्यांना ती कुत्र्याच्या पट्ट्यात अडकवताना बघितलं. मला ते लाळेपेक्षाही जास्त भीतीचं वाटलं. रात्री आनंद म्हणाला, ऊनच असेल, उद्या मी रजा घेतो, सकाळी बघून ठरवू.

दुसऱ्या दिवशी टायगर आला नाही. शेट एकटेच टपरीवर होते. "खडवलीला नेलाय, आमच्या वाडीवर. तिकडं थंड असतं. उद्या आनतो परत, तुम्ही स्वतः बघा." मी तडक घरी येऊन कल्याणला जायची तयारी केली. आनंदने त्या दिवशी रजा घेतली होती. तो दारात उभा राहिला.

"एक दिवस. उद्या सकाळी कुत्रा नाही दिसला तर मी स्वतः नेतो," तो म्हणाला. "अगं, पोटात सुया घ्यायच्यात. पोटात. त्यात काही झालं तर? परत तसं झालं तर?"

हापूस घेऊन आलेल्या माणसाला मी माफ केलं नव्हतं, पण ह्या माणसाला काय बोलणार. मी चप्पल काढली. त्या दिवशी मी पाण्याचा प्रत्येक घोट घेताना घशात काही अडकतंय का ते बघत होते. बघितलं की अडकायचं.

सकाळी मैदानाच्या तोंडाशी शेट उभे होते आणि त्यांच्या शेजारी टायगर. शेटांनी मला लांबूनच हाक मारली. "या वैनी. बघा. फिट की नाय?" कुत्रा उड्या मारत होता. परातीतलं पाणी त्याने निम्मं पिऊन निम्मं सांडलं. टपरीवर सगळे हसले. आनंद माझ्यासोबत आला होता, त्याने डोळे मिटून आभाळाकडे तोंड केलं. बँकेतले एक साहेब म्हणाले, "चला, संपलं तुमचं टेन्शन."

मग कुत्रा भुंकला, दोनदा, आणि धावत माझ्याकडे आला. माझ्या पदराला नाक लावलं. शेपटी हलवली.

मी उभी होते. माझे हात गार पडले नाहीत. तोंड कोरडं पडलं नाही. बाळ आपलं निवांत एका कुशीवर. आठवडाभर ज्याच्या नुसत्या मान वळवण्याने माझं रक्त गोठत होतं तो माझी बोटं चाटत होता आणि माझ्या अंगाला काहीच होत नव्हतं. मला एवढंच कळलं, की मी ह्याला आज पहिल्यांदा बघतेय. आणि मग जी भीती वाटली ती ह्या कुत्र्याची नव्हती.

"हा टायगर नाही," मी घरी येताना आनंदला म्हणाले.

"तोच आहे. तोच रंग, तीच उंची, तोच पट्टा."

"टायगर भुंकत नाही."

"आज आनंदात असेल. अगं, तुला वाईटच ऐकायचंय का?"

तो ऑफिसला गेला. मी घरात बसू शकले नाही. गोपीनाथ शेटांच्या बंगल्याचं पुढचं फाटक बंद होतं, म्हणून मी विहिरीच्या बाजूने मागच्या अंगणात गेले. तिथे त्यांची आई, ठमाबाई, सुकट निवडत बसली होती. सत्तरीची, हिरव्या लुगड्यातली, हातभर बांगड्या. मला बघून तिने सूप बाजूला सारलं आणि माझ्या पोटाकडे बघत राहिली.

"ये गो बाय, बस. गोप्या नय घरान."

"मला तुमच्याशीच बोलायचंय," मी म्हणाले. "टायगर कुठे आहे?"

"हाय की. तो काय, गोप्यासंगती गेलाय." ती हे पायरीकडे बघून बोलली. मग उठली. "पयल्यांदा आलीस घरा. अशी पोटुशी बाय रिकामी नय जाऊ देत."

मी नको म्हणत होते, मला उत्तर हवं होतं. पण तिने आतून पाट आणला, मला बसवलं, सुपात तांदूळ आणले, नारळ आणला, हिरवा खण आणला. कुंकू लावलं. मी पदर पसरला, कारण म्हातारीच्या हातातली ओटी नाकारायची मला शिकवण नव्हती. तिने एक ओंजळ तांदूळ टाकले. दुसरी ओंजळ भरली आणि ती तशीच हवेत राहिली. तांदूळ बोटांमधून गळायला लागले.

तेव्हा मला तिच्या उजव्या हाताच्या बोटाला गुंडाळलेली चिंधी दिसली.

"नय गो," ती म्हणाली. "तुझी ओटी भरतंय आणि तोंडानं खोटा बोलतंय. नय जमत मना." ती तिथेच खाली बसली. "तो मेला. परवा रातचा. खोपटान बांधलेला. पानी दाखवला का थरथरायचा. गोप्यानं त्याचा तोंड उघरून औषध घातला हातानं, तरी मेला. सकाली मागं पुरला. हा दुसरा त्याचा भाव हाय, खडवलीच्या वाडीवरचा. मना बोलला, आये, तीन-चार दिसांची गोष्ट, मंग सगली इसरतील. उनानं मेला, पन लोका नय ऐकाची."

त्या कुत्र्याला अख्ख्या आयुष्यात पहिल्यांदा बांधला तो मरायला. आणि खडवलीला तो गेलाच नव्हता. मी चप्पल काढून घरी बसले होते तेव्हा तो इथे, आमच्या पाण्याच्या विहिरीपासून हाकेच्या अंतरावर, पुरलेला होता.

मला ओरडायचं होतं. मला त्या बंगल्याच्या काचा फोडायच्या होत्या. पण पोटात बाळाने लाथ मारली आणि मला एकच कळलं, की त्याच दिवशी म्हणजे आज, आत्ता. "तुमच्या बोटाला काय झालं?" मी विचारलं.

"पानी पाजत होते त्याला. दात लागला. माजा काय गो, मी पिकला पान."

"दुखतंय का?"

तिने चिंधी चाचपली. मग म्हणाली, "भ्या वाटतंय." आणि लहान मुलीने लपवावा तसा तो हात तिने पदराखाली घेतला.

मी ओटीचे तांदूळ पदरात बांधले आणि तिला हाताला धरून उठवलं. आम्ही दोघी पुढच्या फाटकाने बाहेर पडलो. रिक्षा मानपाडा रोडला मिळणार होती, म्हणून मैदानातूनच जायला लागलं. टपरीवर गोपीनाथ शेट अजून होते, साखळी गळ्यात. नवा कुत्रा मैदानात गोल फेऱ्या मारत होता.

"आये, कुठं चाललीस?"

ठमाबाई थांबली. तिने बोटाची चिंधी सोडली आणि हात त्याच्यासमोर धरला. बोट सुजून काळंनिळं झालं होतं. हे त्याला माहीत नव्हतं. म्हातारीने लेकापासून लपवलं होतं, जसं लेकाने माझ्यापासून.

"कवा?" तो म्हणाला.

"तू तोंड उघरलास त्याचा, तवाच. तू हात घातलास, मी पानी वतला."

टपरीवरचे सगळे ऐकत होते. मी मोठ्यानेच बोलले, कारण आता खिडकी उघडी असली तरी मला चालणार होतं. "टायगर पिसाळून मेलाय. हा त्याचा भाऊ आहे. ज्याला ज्याला टायगर चाटला, ओरबाडला, चावला असेल त्याने डॉक्टरकडे जा. पाण्याचा विचार नंतर करा."

बँकेतले साहेब खाली बघून आपल्या कुत्र्याला हाक मारायला लागले. गोपीनाथ शेटांनी आधी आईच्या बोटाकडे पाहिलं. मग स्वतःचा उजवा हात वर करून उलटासुलटा पाहिला. तळव्यावर, अंगठ्याच्या खाली, दोन ओरखडे होते, खपली धरलेले. दोन दिवस त्याला ते ओरखडे दिसत होते, पण तो त्यांच्याकडे बघत नव्हता. उन्हाने मेलेल्या कुत्र्याचे ओरखडे कोण बघतं.

रिक्षात आम्ही तिघं होतो. मी एका कडेला, गोपीनाथ शेट दुसऱ्या कडेला, मधे ठमाबाई. मला आनंद हवा होता. मला माझी आई हवी होती. मनात सारखं येत होतं, की सुईने बाळ गेलं तर, आणि सुई न घेता मी गेले तर, आणि परवापासूनचे वाया गेलेले दिवस आत कुठपर्यंत पोचले असतील. रिक्षा खड्ड्यात आदळली की मी पोटाखाली दोन्ही हात घ्यायची.

दवाखान्यात एक लांब बाक होता. नर्सने माझं पोट बघून आत मोठ्या डॉक्टरांना विचारलं, परत आली आणि म्हणाली, "घ्यायलाच लागेल. थांबायला नको होतं." मी टेबलावर आडवी झाले. तिने बेंबीच्या बाजूची कातडी चिमटीत धरली. सुई जाताना आग झाली, पण मी त्या आगीकडे लक्षच दिलं नाही. मी आतलं ऐकत होते. काही हललं नाही. मी मनात त्याला हाका मारत राहिले. मग अगदी बारीक, डाव्या कुशीला, काहीतरी सरकलं. चौदातली पहिली झाली होती. मी रडायला लागले ते टेबलावरून उतरेपर्यंत रडतच होते.

माझ्यामागून ठमाबाईला आत घेतलं. बाहेर बाकावर गोपीनाथ शेट शर्टाची बटणं सोडून बसले होते. साखळी अजून गळ्यातच होती, काढायचं सुचलं नव्हतं. मी समोरून जायला लागले तसं त्यांनी वर पाहिलं. डोळे लहान मुलासारखे झाले होते.

"वैनी," ते हळूच म्हणाले, "लय दुखतं काय?"

मी पदराने डोळे पुसले.

"उभे राहा नुसते," मी म्हणाले. "काय करत नाय ती."